चौकशीच्या खिडकीतून ताईला

३ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून प्रत्यक्ष घालता येत नाही, पण कागदावर अजून जमतो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता फ्रिजवर टाकलं असशील, आणि दोन दिवसांनी "बघू तरी काय म्हणतोय मेला" म्हणून फोडलं असशील. अकरा वर्षं आपण बोललेलो नाही. चूक माझी होती. ती कशी झाली ते आज लिहीत नाही, कारण पहिल्याच पत्रात रडगाणं लावलं तर तू पुढचं वाचणार नाहीस हे मी ओळखून आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर त्यालाही कारण आहे, तेही आज राहू दे. आज फक्त कामाचं लिहितो.

काम असं आहे. गावाबाहेरून नवा मोठा रस्ता झालाय आणि आता आपल्याकडे माणसं येणार म्हणून नगरपालिकेने गावाची एक माहितीपुस्तिका काढायची ठरवलीय. इतिहास, सोयीसुविधा, प्रेक्षणीय स्थळं. चोवीस पानं, मधली चार रंगीत. आणि लिहायची कोणी? मी! अध्यक्षबाई स्वतः घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "चौतीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलात. तुमच्याइतकी माहिती कोणाला असणार?"

मला हसू फुटायचंच बाकी होतं. मी कसली माहिती द्यायचो ते तुला ठाऊक आहे. एखाद्याची गाडी चुकली आणि त्याने विचारलं, "दोन तास आहेत हो, इथे बघण्यासारखं काय आहे?" की मी मान वर न करता सांगायचो, "काही नाही. पुढची गाडी साडेचारला, फलाट दोन." चौतीस वर्षं हेच उत्तर. खाणीचं तळं स्टँडपासून दहा मिनिटांवर, आणि माझ्यामुळे हजारो माणसं बाकावर जांभया देत बसली आणि निघून गेली. हे मनाला लागलं म्हणून मी काम घेतलं.

इतिहासाचं पान लिहायला बसलो आणि घाम फुटला. लोकांना इतिहास म्हटलं की किल्ला लागतो, लढाई लागते. आपल्याकडे काय, तर चढ! गावापुढे रस्ता डोंगराला लागतो. तिथे गाडीवाले थांबायचे, सैल झालेली ओझी पुन्हा आवळायचे आणि मगच चढाला लागायचे. आवळताना जुन्या दोऱ्या तुटायच्या, म्हणून एक माणूस झाडाखाली दोरी विकायला बसला. त्याला भूक लागली म्हणून शेजारी खाणावळ निघाली, खाणावळीला पाणी हवं म्हणून विहीर खणली, आणि बघता बघता गाव झालं. कोणा राजाने वसवलेलं नाही, गाठ मारायला थांबलेल्या लोकांनी वसवलंय. हे लिहिताना मला उगाचच छान वाटत होतं.

मग दोरीचा कारखाना आला आणि पेन अडलं. नदीकाठची ती शेड अजून उभी आहे, एका खोलीएवढी रुंद आणि तीनशे पावलं लांब. दोरी जेवढी लांब हवी तेवढी शेड लांब लागते, एवढं साधं ते गणित. सकाळी आम्ही म्हातारे आता तिथे फिरतो. टोकाचं मोठं चाक जागेवर आहे, फिरत मात्र नाही. आई गेल्यावर तिच्या जागी तू लागलीस तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. कमरेला वाखाचा भला मोठा पुंजका गुंडाळायचा, चाकाकडे तोंड करायचं, आणि बोटांमधून तो वाख थोडा थोडा सोडत उलटं चालत जायचं. चाक पीळ देणार, तू मागे मागे जाणार. दिवसभर उलटी. शाळा सुटली की मी तुझ्या शेजारून उलटा चालायचो. त्याबद्दल पुस्तिकेत लिहावं की नाही, आणि लिहिलं तर किती, ते मला ठरवता येत नाही.

तुला जे आठवतं ते चार ओळींत कळव. शिव्या घातल्यास तरी चालेल, मधे माहिती असली म्हणजे झालं.

आणि एक. प्रकाशन बारा एप्रिलला आहे, रविवारी, सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या सभागृहात. तू यावंस, पहिल्या रांगेत बसावंस. आग्रह करायचा मला हक्क नाही हे कळतं, तरी करतो.

तुझी भावजय तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते आहे.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आणि तुझ्या कार्डाला वेगळा नमस्कार.

पोस्टमनने फाटकातूनच ओरडून सांगितलं, "शहरातून आलंय!" मी पायांत चपला न घालता बाहेर धावलो. तुझी भावजय म्हणाली, लग्नाआधी माझी पत्रं आली तेव्हा तरी असे धावला होतात का?

नाही नमस्कार, नाही आशीर्वाद, नुसत्या चुका काढल्यास. पण काय चुका काढल्यास! "पहिली दोरी विकणारी बाई होती, माणूस कसला. शेड तीनशे नाही, तीनशे चाळीस पावलं आहे, मी मोजलीय. चाकाला यंत्र लिहू नकोस, चाक लिही. वाक्यं लांब होतायत." मी हे कार्ड चार वेळा वाचलं. बाईची दुरुस्ती लगेच केली. अध्यक्षबाई इतक्या खूश झाल्या की आता त्यांना मुखपृष्ठावर ती बाई हवीय. तिचा फोटो कुठून आणायचा हा छापखानेवाल्याचा प्रश्न.

शेड मात्र मी स्वतः मोजली. चारशे बारा भरली. मग लक्षात आलं की शेड लांब झालेली नाही, माझी पावलं आखूड झालीत. तुझा आकडा कायम ठेवला आहे.

सोयीसुविधांच्या पानावरून मात्र जुंपली. अध्यक्षबाईंना पहिल्या ओळीत नवं क्रीडासंकुल हवं होतं. त्याचं अजून फक्त कुंपण झालंय, आत शेळ्या चरतात. मी लिहून कळवलं की चौतीस वर्षांत खिडकीशी येणाऱ्याचा पहिला प्रश्न "क्रीडासंकुल कुठे" असा कधीच नव्हता. पहिला प्रश्न "संडास कुठे" हाच, आणि तो विचारताना माणसाचा जो चेहरा होतो तो मी पाहिलेला आहे. झालं, पहिल्या ओळीत आता तेच आहे. फलाट एकच्या मागे, डावीकडे, पाणी चोवीस तास.

बाकी लिहिता लिहिता मीच चकित होत गेलो. आपल्याकडे किती काय आहे गं! वाचनालय तीनला उघडतं असं पाटीवर आहे, पण कोणी दार वाजवलं तर ग्रंथपाल जेवण अर्धं टाकून येतात आणि वर "आत सावली आहे, बसा" म्हणतात. दवाखान्यात नर्सबाई बाळांना सुई टोचताना स्वतः आधी "आई गं" ओरडतात, तेवढ्यात बाळ बघत राहतं आणि काम होऊन जातं. जिन्याखालचा चांभार गाडी सुटायच्या आत चप्पल शिवून देतो आणि न जमल्यास स्वतःची देऊन पाठवतो. परत आलेल्या चपलांची त्याच्याकडे एक रांगच आहे. ट्रकच्या वजनकाट्यावर अख्खी कुटुंबं उभी राहून वजन करून घेतात आणि मग कोण किती खातं यावरून घरी जाईपर्यंत भांडतात. हे सगळं खिडकीपासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि मी म्हणत होतो, काही नाही, फलाट दोन.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तू विचारलेलं नाहीस, पण कार्ड लिहिलंस म्हणजे ऐकशील.

माझा निरोपसमारंभ फलाट दोनवर ठेवला होता, चार दहाची गाडी गेल्यावर आणि साडेचारची येण्याआधी, कारण ऐकायला बसणारे अर्धे ड्रायव्हर आणि कंडक्टर. तू शहरातून तेवढ्यासाठी आली होतीस, पहिल्या रांगेत, डाव्या कडेला. मी खिशातून कागद काढला आणि आभार मानायला लागलो. मॅनेजरसाहेबांचे मानले, मेकॅनिकांचे मानले, कँटीनवाल्याचे, झाडूवालीचे, छपराच्या पत्र्यावर बसणाऱ्या कबुतरांचे, आणि लोक हसले म्हणून थंड पाण्याच्या मशीनचेसुद्धा मानले. तेवढ्यात साडेचारची गाडी आठ मिनिटं आधीच आत शिरली. आणि मी काय केलं? कागद खाली घेतला आणि त्याच माईकवरून म्हटलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. साडेचारची गाडी फलाट दोनवर लागत आहे."

हशा झाला, टाळ्या झाल्या, माणसं पिशव्या उचलून पळाली. खुर्च्या सरकल्या. मला कोणीतरी हार घातला. तू उठलीस, तुझी पिशवी उचललीस आणि त्याच गाडीत जाऊन बसलीस. तुझ्या गाडीची घोषणा मीच केली होती.

त्या कागदावर तू शेवटी होतीस, ताई. तुला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गाडी लवकर आली आणि सगळं राहून गेलं. सवयीचा माणूस, गाडी दिसली की तोंड उघडतं, दुसरं काय. इतकी वर्षं हे तुला सांगायचं होतं.

प्रेक्षणीय स्थळांचं पान अजून कोरं आहे. तळं, झुलता पूल आणि लांब शेड एवढं नक्की. झुलत्या पुलावर एका वेळी सहाच जणांनी जावं असं लिहायला हवं का? आपण तर चौदा जण एकदम नाचायचो.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ताई,

या वेळी कार्ड नाही, पाकीट आलं. तुझी भावजय म्हणाली, पाकीट म्हणजे आता तुमचं काही खरं नाही. मी ते घेऊन शेडीत गेलो आणि चाकाजवळच्या दगडावर बसून वाचलं.

तू लिहिलंस, "गाडी आली ते मलाही दिसलं. मी काही डोळे मिटून बसले नव्हते. ड्रायव्हरने खिडकीतून हात केला, बोला बोला, मी थांबतो, तेही दिसलं. तू मान हलवून त्याला नको म्हणालास, तेसुद्धा दिसलं. सवयीचं मला सांगू नकोस. खरं काय ते तोंडाने सांग, फोन नंबर तोच आहे. आणि गेल्या सप्टेंबरात एकदा दुपारी फोन वाजला होता. पलीकडे कोणी बोलेना. तू होतास का?"

होय, मीच होतो. आणि तोंडाने सांगता येत नाही, ताई. माझा आवाज गेला.

घाबरू नकोस, आधी सगळं वाच. घशात गाठ झाली होती, वाईट जातीची. सप्टेंबरात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ गेली, मी शिल्लक आहे, आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टर तपासून "उत्तम" म्हणतात. गळ्याला एक भोक आहे, तिथून श्वास घेतो. तुझी भावजय त्यावर रोज वेगळ्या रंगाचा सुती रुमाल बांधते, त्यामुळे म्हातारपणी मी एकदम रंगेल दिसायला लागलोय. बोलायचं झालं की पॅडवर लिहून दाखवतो. गंमत म्हणजे मी लिहिलं की लोक मला बहिरा समजून ओरडतात. वाणी हातवारे करतो. अध्यक्षबाई तर परवा माझ्याच पॅडवर मला उत्तर लिहायला लागल्या, मग लक्षात आल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. घरात हसू चालू असतं, खरंच सांगतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ज्यांच्याशी बोलायचं असेल त्यांच्याशी आज बोलून घ्या. मी लेकीशी बोललो, नातवाला गाड्यांच्या वेळा म्हणून दाखवल्या, शेजाऱ्याशी जुनं भांडण उकरून ते मिटवलं. दुपारी तीनला तुझा नंबर फिरवला. तू म्हणालीस, "हॅलो, कोण?" आणि ताई, छप्पन वर्षांनी ते परत आलं. जीभ टाळूला जी चिकटली ती सुटेना. "ता" निघेना. तू पुन्हा "कोण" म्हणालीस, माझा शर्ट घामाने भिजला, आणि मी फोन ठेवला. शेवटच्या दिवशी आवाज होता, तुझा नंबर लागला होता, आणि मी तोतरा झालो.

मी लहानपणी तोतरा होतो हे आठवणारं तुझ्याशिवाय आता कोणी उरलं नव्हतं. तुझ्या भावजयीलासुद्धा परवा सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्याशी भांडलात, एकदाही अडखळला नाहीत." मी पॅडवर लिहिलं, ते ताईमुळे.

नऊ वर्षांचा होतो. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायला मला इतका वेळ लागायचा की गुरुजी पुढचे दोन नंबर घेऊन परत माझ्याकडे यायचे. पोरं मला चालू न होणारं इंजिन म्हणायची. मी बोलणंच सोडून दिलं होतं. बाबा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तू पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, हात वाखाने सोललेले, आणि तू एक दिवस म्हणालीस, "चल माझ्याबरोबर उलटा. एक पाऊल, एक शब्द." घरात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून तू स्टँडच्या भिंतीवरचं वेळापत्रक कागदावर उतरवून आणलंस. सहा वाजता, पाऊल. फलाट, पाऊल. एक, पाऊल. मी विचारलं होतं, उलटंच कशाला? तू म्हणालीस, उलटं चालताना माणसाला पाय कुठे पडतोय याचीच धास्ती असते, जिभेकडे बघायला त्याला फुरसत नसते. हे तुला कोणी शिकवलं होतं गं? कुठल्या डॉक्टरने? कोणीच नाही. तू आपल्या मनाने शोधून काढलंस.

शेडीतल्या बायका आधी हसल्या. आठवतं? मग महिन्याभरात सगळी रांग माझ्याबरोबर म्हणायला लागली. वीस बायका कमरेला वाख गुंडाळून मागे मागे चालतायत आणि एका सुरात म्हणतायत, "साडेचारची गाडी, फलाट दोन." चार वर्षं. रोज. तेराव्या वर्षी मी हजेरीला "हजर" म्हटलं तेव्हा गुरुजींनी पेन खाली ठेवून वर बघितलं.

नोकरीच्या तोंडी परीक्षेत साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर देण्याआधी एक पाऊल मागे गेलो. साहेबांना वाटलं, पोरगं अदबीचं आहे. पुढे चौतीस वर्षं खिडकीत प्रत्येक घोषणेआधी माझा डावा पाय टेबलाखाली थोडा मागे सरकायचा. तिथली फरशी झिजली होती. माझ्या जागी आलेल्या बाईंनी विचारलंसुद्धा, इथे खड्डा कसला? मी म्हटलं, उंदीर असतील.

तर आता खरं. सगळं स्टँड म्हणायचं, काय खणखणीत आवाज, देवाने दिलाय. मी मान डोलवायचो. त्या दिवशी तुझे आभार मानायचे तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं. सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर सांगावं लागलं असतं की मी तोतरा आहे आणि हा आवाज माझ्या बहिणीने मला चालवून चालवून घडवलाय. मला लाज वाटली. गाडी आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, ताई. ड्रायव्हर थांबायला तयार होता, मीच नको म्हटलं. तू हे सगळं पाहिलंस आणि पिशवी उचललीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलली असती. मला माफ कर.

आवाज जाणार म्हटल्यावर मला सगळ्यात आधी हेच वाटलं, की ताईने दिलेली वस्तू आपण सांभाळली नाही. लहानपणी तुझी फणी मोडली होती तेव्हा वाटलं होतं तसंच. मग ऑपरेशननंतर पंधरा दिवस नुसता पडून होतो, तेव्हा आठवत बसलो की त्या आवाजाने काय काय केलं. हरवलेली एकोणीस मुलं त्यांच्या आयांकडे पोचवली. घाटात दरड कोसळली तेव्हा घाबरून बसलेल्या दोनशे माणसांना चार तास सांगत राहिलो, गाड्या खाली सुखरूप थांबल्यात, कोणी रडू नका. तुझ्या भावजयीला मागणी घातली, न अडखळता, ती म्हणते जरा जास्तच घाईने. लेकीला झोपवलं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना रोज पेपर वाचून दाखवला. यातलं एकही माझ्या हातून झालं नसतं. आठवता आठवता मला रडू यायला लागलं आणि नर्सबाईंनी विचारलं, फार दुखतंय का? मी लिहिलं, नाही हो, फार मिळालं.

ताई, मी तुझा फार फार ऋणी आहे. हे वाक्य अकरा वर्षांपूर्वी माईकवरून म्हणायला हवं होतं. आता मला लिहिताच येतं, म्हणून दोनदा लिहितो. मी तुझा फार फार ऋणी आहे.

प्रेक्षणीय स्थळांचं पान झालं. लांब शेडीवर लिहिताना मी काही लपवलेलं नाही. तीनशे चाळीस पावलं लिहिली, चाक लिहिलं, वाक्यं छोटी ठेवली. आणि लिहिलं की या शेडीत एक तोतरा मुलगा आपल्या बहिणीबरोबर उलटा चालत बोलायला शिकला, आणि तोच पुढे या गावच्या स्टँडवर चौतीस वर्षं गाड्या पुकारत होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पर्यटकांना याचा काय उपयोग?" मी लिहून दिलं की हे काढायचं असेल तर बाकीची तेवीस पानंही मला परत द्या. त्यांनी ते पान तिथेच उभ्याने पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "माझा भाऊ पण असाच बोलायचा. त्याला कोणी चालवलं नाही." ते पान आता रंगीत चार पानांत गेलंय.

तरी तुझी हरकत असेल तर कळव, छापखानेवाला दोन एप्रिलपर्यंत थांबतो म्हणाला आहे. तुझा मान राखूनच लिहिलंय, पण ते तुझं आयुष्य आहे.

प्रकाशनात ते पान कोणीतरी मोठ्याने वाचायचं आहे. तुझी भावजय तयार आहे. अध्यक्षबाई तर कधीच्या माईक घेऊन बसल्यात. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. एवढं एक मागतो. नाही वाचायचं म्हणालीस तर नुसती येऊन बस, तेही पुष्कळ आहे.

शहरातून पहाटे सहाची गाडी आहे, ती इथे नऊ दहाला लागते. खिडकीची जागा डावीकडची घे, उजवीकडे ऊन येतं. मी आठपासून फलाटावर उभा राहीन. रविवारी तिथे फार गर्दी असते. तू उतरशील, इकडे तिकडे बघशील, अकरा वर्षांत मी वाळलोय आणि केस गेलेत, ओळखू येणार नाही कदाचित. मला दिसशील, पण मला हाक मारता येणार नाही.

तेव्हा हाक तू मार.

तुझाच,
धाकटा